पोराचं रक्त कशासाठी हवं? आईबापांच्या ‘हो’चा इतिहास

“डॉक्टरसाहेब, परवाच तं रक्त काढलं होतं, आता पुन्हा कायले काढता? पोरगं अशक्त होईन ना!” लहान मुलाच्या दंडाला पट्टी बांधली की आमच्या वऱ्हाडात हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे आणि उत्तर सोपं आहे. दहा किलो वजनाच्या मुलाच्या अंगात साधारण ७५० ते ८०० मिली रक्त असतं. नेहमीच्या तपासणीला त्यातलं दोन-तीन मिली, म्हणजे चहाचा अर्धा चमचा लागतं. तेवढं रक्त शरीर काही दिवसांत भरून काढतं.

पण कधी कधी याहून अवघड प्रश्न समोर येतो. एखाद्या मोठ्या दवाखान्यात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात सांगितलं जातं, “हे रक्त उपचारासाठी नाही, संशोधनासाठी हवं आहे. तुम्ही सही द्याल का?” रक्तच असं नाही, नाळेतलं रक्त, वार, लघवी, शी, थुंकी, ऑपरेशनमध्ये काढलेला गाठीचा तुकडा, यातलं काहीही मागितलं जाऊ शकतं. याला आपण ‘नमुना’ म्हणू.

उपचारासाठी घेतलेल्या रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी आपल्या हातात येतो आणि त्यावर आपल्या मुलाचं औषध ठरतं. संशोधनासाठी दिलेल्या नमुन्याचं तसं नसतं. त्याचा फायदा त्याच मुलाला होईल असं कोणी सांगू शकत नाही. झालाच तर तो दहा-वीस वर्षांनी, दुसऱ्याच कुणाच्या तरी मुलांना होतो. शिवाय ज्याचं रक्त आहे ते मूल स्वतः हो किंवा नाही म्हणू शकत नाही. त्याच्या वतीने आईबाप ठरवतात.

मग आईबाप काय ठरवतात? ‘आपले लोक अडाणी, संशोधनाला नाहीच म्हणणार’ असं शहरात बसून बोललं जातं. इतिहास तसं सांगत नाही. विदर्भात, पुण्याजवळच्या खेड्यांत आणि परदेशातही आईबापांनी मुलांचे नमुने दिले आहेत, वर्षानुवर्षं दिले आहेत. त्यातून काय निघालं आणि कुठे त्यांचा विश्वास तुटला, ते आज पाहू. तुमच्यासमोर कधी असा कागद आला तर हा इतिहास उपयोगी पडेल.

आपल्या भागातला थेंब

चांदूर बाजारहून परतवाड्याकडे निघालं की पुढे मेळघाटचा डोंगर लागतो. मेळघाटात आणि एकूणच विदर्भात सिकलसेल हा आजार लोकांच्या ओळखीचा आहे. आपल्या रक्तातल्या लाल पेशी गोल असतात. सिकलसेलमध्ये त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि मुलाला हाडं फुटल्यासारख्या वेदना होतात. रक्त कमी पडतं, वारंवार ताप येतो. आजार आईबापांकडून येतो. दोघेही ‘वाहक’ असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. नुसता वाहक असलेला माणूस मात्र शेतात राबतो, पोरं वाढवतो. त्याला सहसा काही त्रास होत नाही.

जगाला हा आजार वैद्यकीय पुस्तकांतून कळला तो १९१० साली, अमेरिकेतल्या शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांमुळे. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये सिकल पेशी आढळल्या. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९५८ मध्ये, शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलच्या लक्षणाबद्दल ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या नियतकालिकात लिहिलं. विदर्भाच्या रक्ताची नोंद तेव्हा जगाच्या वैद्यकात झाली.

या नोंदींमागे बोट पुढे करणारी माणसं होती. त्या काळी छापील संमतीपत्र नव्हतं. साहेब आले, बोट टोचलं, काचपट्टीवर थेंब घेतला आणि गेले. आपल्या थेंबातून काय दिसलं हे अनेकांना कधीच कळलं नाही. आजाराला मात्र जातीजमातींची नावं चिकटली. गावात कुजबुज सुरू झाली की अमक्या लोकांचं रक्तच खराब. याचा फटका बसला तो लग्नाच्या वयाच्या मुलींना. वाहक असणं हा आजार नाही, पण ‘सिकल निघाली’ एवढ्यावर सोयरीक मोडल्याचं या भागात काम करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं.

सोयरीक मोडण्याच्या भीतीने एखादी आई मुलीचं बोट मागे घेत असेल, तर तिला अडाणी म्हणण्यात अर्थ नाही. तिला पक्कं कळलेलं असतं की थेंब एका मुलीचा असला तरी त्यातली माहिती सगळ्या घराची, भाऊबंदांची आणि समाजाची असते.

त्याच वेळी असे थेंब मिळाले नसते तर काय झालं असतं तेही पाहा. भारतातला सिकलसेल सौम्य असतो असं डॉक्टर बरीच वर्षं मानत होते. कारण आपल्याकडच्या रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त प्रमाणात टिकून राहतं आणि ते पेशींना वाकू देत नाही. पण दवाखान्यात पोचण्याआधीच जी मुलं दगावली, ती या हिशोबात कुठे होती? हे कळायला मुलांना जन्मापासूनच पाहावं लागतं. नागपूरच्या डॉक्टरांनी मुंबईच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीच्या मदतीने नवजात बाळांच्या टाचेतून थेंब घेऊन तपासणी केली आणि आजार असलेल्या बाळांवर पुढची काही वर्षं लक्ष ठेवलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातून दिसलं की मध्य भारतातला सिकलसेल सगळ्यांनाच सौम्य जात नाही. काही मुलांना पहिल्या काही वर्षांतच तापात रक्त झपाट्याने उतरणं, तीव्र वेदना असे धोके होतात. म्हणून अशा मुलांना जन्मतः ओळखून वेळेवर लसी, औषधं आणि तपासण्या द्यायला हव्यात, हे ठामपणे सांगता आलं. आईच्या कुशीतल्या बाळाची टाच टोचू देणं सोपं नसतं. नागपूरच्या त्या आयांनी टोचू दिली, म्हणून आज इथल्या बालरोगतज्ज्ञाच्या हातात ही माहिती आहे.

१ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे आणि ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचं उद्दिष्ट आहे. शाळेत किंवा उपकेंद्रात त्यासाठी बोट टोचलं तर ती आरोग्य तपासणी आहे. तिचा निकाल तुम्हाला मिळायला हवा आणि त्याचा उपयोग तुमच्याच मुलाला आहे. ती जरूर करून घ्या. संशोधनासाठी नमुना द्यायचा असेल तर तसं वेगळं विचारलं गेलं पाहिजे.

चांदीपुरा: गावाचं नाव विषाणूला

विदर्भातल्या आणखी एका गावाचं नाव जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये घेतलं जातं. नागपूरजवळचं चांदीपुरा.

१९६५ मध्ये नागपूर भागात तापाची मोठी साथ आली होती. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरची माणसं रक्ताचे नमुने गोळा करत होती. हे केंद्र १९५२ मध्ये सुरू झालं. आज आपण त्याला एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था म्हणून ओळखतो. तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तात एक अनोळखी विषाणू सापडला. भट्ट आणि रॉड्रिग्ज या शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये त्याची माहिती छापली आणि त्याला गावाचं नाव दिलं. तेव्हा तो फार घातक वाटला नाही. विषाणू प्रयोगशाळेत जपून ठेवला गेला.

पुढे ३८ वर्षं गेली. २००३ च्या जून ते ऑगस्टमध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशात लहान मुलांना अचानक ताप, उलट्या, झटके आणि बेशुद्धी येऊ लागली. सकाळी खेळणारं मूल दुसऱ्या दिवशी हाती लागत नव्हतं. ३२९ मुलं आजारी पडली, १८३ दगावली. कारण कळत नव्हतं. मेंदूज्वर म्हटलं की आधी जपानी मेंदूज्वराची शंका येते, पण तो जुळत नव्हता.

एनआयव्हीने आजारी मुलांचे नमुने तपासले. सहा रुग्णांच्या नमुन्यांतून जिवंत विषाणू वेगळा करता आला, नऊ जणांच्या नमुन्यांत त्याचे जनुकीय अंश सापडले. दगावलेल्या एका बालकाच्या मेंदूच्या तुकड्यातही तोच दिसला. १९६५ च्या जपून ठेवलेल्या विषाणूशी त्याची जुळणी करून पाहिली, तर दोन्ही जवळपास ९७ टक्के सारखे निघाले. नागपूरचा चांदीपुरा विषाणू मुलांचे जीव घेत होता. २००७ मध्ये नागपूर विभागातल्या मुलांमध्येही त्याची साथ आढळली आणि २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातमध्ये त्याने पुन्हा डोकं वर काढलं.

यात एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. ज्या मुलाचा नमुना घेतला, त्याला त्या नमुन्याने वाचवलं नाही. चांदीपुरावर आजही खास औषध नाही. लक्षणांवर उपचार करतात. मग नमुन्याने काय केलं? कारण कळलं. हा विषाणू वाळूमाशीतून पसरतो हे ठाऊक असल्यामुळे कुठे फवारणी करायची, घराच्या भिंतींच्या भेगा का बुजवायच्या, पावसाळ्यात मुलाला ताप आणि झटका एकत्र आला तर एक तासही का घालवायचा नाही, हे सांगता येऊ लागलं. एका घरातल्या दुःखातून दुसऱ्या घराला इशारा मिळाला.

साथीच्या घाईत आईबापांना नीट समजावून सांगायला कुणाकडे किती वेळ असतो? मूल बेशुद्ध आहे, डॉक्टर धावपळ करताहेत, बाप पैशांची जुळवाजुळव करतोय. अशा वेळी घेतलेला ‘हो’ हा खरा ‘हो’ आहे का, हा प्रश्न डॉक्टरांनाही सतावतो. म्हणूनच अशा प्रसंगी संशोधनासाठी वेगळी टोच न मारता उपचारासाठी घेतलेल्या रक्तातलं उरलेलं वापरणं आणि घरची माणसं सावरल्यावर त्यांना पुन्हा सगळं समजावणं, ही पद्धत चांगली.

पुण्याजवळची सहा गावं

आईबापांनी घाईत नाही, तर विचार करून, वर्षानुवर्षं मुलांचे नमुने दिले असं उदाहरण बघायचं असेल तर पुण्याजवळ जावं लागेल.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने सत्तरच्या दशकात वढू बुद्रुक या गावातून खेड्यापाड्यांत आरोग्यसेवा सुरू केली होती. बाळंतपण, लसीकरण, कुटुंबनियोजन, गावातल्याच बायांना शिकवून आरोग्यसेविका करणं अशी कामं होती. डॉ. कोयाजींना १९९३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला: आईचं गरोदरपणातलं पोषण आणि बाळाचं पुढचं आरोग्य यांचा संबंध काय? इंग्लंडच्या साउदम्प्टनचे शास्त्रज्ञ त्यात सहभागी होते.

लग्न झालेल्या, अजून दिवस न गेलेल्या बायांपासून सुरुवात झाली. दिवस गेले की त्यांचा आहार, काम, वजन यांची नोंद आणि रक्ताची तपासणी. बाळ जन्मलं की पहिल्या तीन दिवसांत त्याचं वजन, लांबी आणि कातडीखालच्या चरबीचं माप. अशी साडेसातशेहून अधिक बाळं या अभ्यासात जन्मली.

पहिला निष्कर्षच चक्रावणारा होता. पूर्ण दिवसांच्या गावाकडच्या बाळाचं वजन सरासरी २.७ किलो, साउदम्प्टनच्या बाळाचं ३.५ किलो. आपलं बाळ बारीक, हातापायांत मांस कमी. पण कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला काटकुळं, आतून चरबीचं. २००२ मध्ये पुणे आणि लंडन इथल्या बाळांच्या नाळेतल्या रक्ताची तुलना छापून आली. पुण्याच्या बाळांच्या रक्तात जन्मतःच इन्सुलिन जास्त होतं. भारतीयांना बारीक असूनही, कमी वयात मधुमेह का होतो, या कोड्याचा एक धागा नाळेतल्या रक्तात मिळाला. बाळ झाल्यावर वारेबरोबर टाकून दिलं जाणारं हे रक्त. ते दिल्याने बाळाला टोच बसत नाही, पण दिलं नसतं तर हा धागा हाती आला नसता.

सहा गावांतली ही मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा मोठी मागणी पुढे आली. मुलांना पुण्याला आणायचं, उपाशीपोटी रक्त घ्यायचं, साखरेचं पाणी पाजायचं आणि पुन्हा रक्त घ्यायचं. पहिलीतल्या निरोग्या पोराला आईबाप यासाठी आणतील? साडेसहाशेहून जास्त मुलं आली. त्यातून कळलं की गरोदरपणी तीनपैकी दोन आयांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होतं. आईत ब-१२ कमी आणि फोलेट जास्त अशी जोडी होती, तिथे मुलामध्ये इन्सुलिनचा परिणाम सर्वांत कमी दिसला. म्हणजे मधुमेहाची वाट आईच्या पोटातच थोडी आखली जात होती. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

बाराव्या वर्षी पुन्हा तपासणी झाली, अठराव्या वर्षी पुन्हा. अठराव्या वर्षीही सहाशेहून अधिक तरुण-तरुणी आले. शंभरातल्या ३७ मुलांची आणि १८ मुलींची साखर सामान्यापेक्षा जास्त निघाली. हे सगळे काही लठ्ठ नव्हते; अनेकांचं वजन तर कमीच होतं. शेतकऱ्याच्या घरातल्या बारीक पोरालाही साखरेकडे लक्ष द्यावं लागतं, हे आज मी माझ्या रुग्णांना सांगतो तेव्हा त्यामागे या सहा गावांतल्या मुलांच्या रक्ताचा आधार असतो.

या अभ्यासाचा पुढचा टप्पा मला सर्वांत मोलाचा वाटतो. २०१२ पासून याच मुलामुलींना ब-१२ ची रोजची छोटी मात्रा देऊन पाहिली गेली. त्यांना पुढे मुलं होतील तेव्हा त्या बाळांना फायदा होतो का, हा प्रश्न होता. त्यांच्या बाळांच्या नाळेतलं रक्तही तपासलं गेलं. ज्यांच्या वतीने १९९३ नंतर आईने ‘हो’ म्हटलं होतं, ती बाळं आता स्वतः आईबाप झाली होती आणि स्वतःच्या बाळासाठी हो की नाही ठरवत होती.

जन्मली साडेसातशेहून अधिक, अठराव्या वर्षी आली सहाशेहून अधिक. स्थलांतर, लग्नं, नोकऱ्या, शेतीची कामं यांतून एवढी घरं अठरा वर्षं टिकली. नुसत्या पैशाने किंवा धाकाने हे होत नाही. मला याची कारणं साधी वाटतात. संशोधन येण्याआधी त्या भागात सेवा पोचलेली होती. रक्त मागणारी संस्था आधी बाळंतपणाला आणि तापाला उपयोगी पडली होती. एकदा रक्त घेऊन माणसं निघून गेली नाहीत. तीच संस्था दर काही वर्षांनी परत येत राहिली. आणि एका टप्प्यावर कळलेली गोष्ट पुढच्या टप्प्यात त्याच मुलांच्या उपयोगी पडावी असा प्रयत्न झाला.

न विचारता घेतलं तेव्हा

याउलट जिथे विचारलंच नाही, तिथे काय झालं? तीन उदाहरणं देतो. पहिली दोन श्रीमंत देशांतली आहेत, कारण ही चूक गरीब मुलखातच होते असं नाही.

इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात अल्डर हे नावाचं मुलांचं मोठं रुग्णालय आहे. तिथे दगावलेल्या मुलांचे अवयव शवविच्छेदनानंतर आईबापांना न कळवता ठेवून घेतले होते, हे १९९९ मध्ये उघड झालं. मुलाला पुरून आलेल्या घरांना काही वर्षांनी कळलं की त्याचं हृदय किंवा मेंदू अजून रुग्णालयात आहे. काही आईबापांना त्यासाठी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा अंत्यविधी करावे लागले. चौकशी अहवाल २००१ मध्ये आला आणि २००४ मध्ये इंग्लंडने कायदा केला की योग्य संमती नसेल तर असं काही ठेवता येणार नाही. अनेक आईबापांचा राग संशोधनावर नव्हता. आम्हाला विचारलं का नाही, हा त्यांचा सवाल होता.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या टेक्सास राज्याचं. साठच्या दशकात रॉबर्ट गथ्री या डॉक्टरांनी नवजात बाळाच्या टाचेतला थेंब टिपकागदावर घेऊन जन्मजात आजार ओळखण्याची पद्धत आणली. तिने असंख्य मुलांना मतिमंदत्वापासून वाचवलं. वाळलेला थेंब वर्षानुवर्षं टिकतो, हाही फायदा. ल्युकेमिया झालेल्या काही लहान मुलांच्या अशाच जुन्या कार्डांवरून १९९७ मध्ये लंडनच्या मेल ग्रीव्ह्ज यांच्या गटाने दाखवलं की या कर्करोगाची सुरुवात आईच्या पोटातच झालेली असू शकते. किती मोलाचा साठा! पण टेक्सास सरकारने तपासणीनंतर उरलेले थेंब आईबापांना न सांगता साठवले आणि संशोधनाला दिले. २००९ मध्ये पाच पालक कोर्टात गेले. शेवटी सरकारला ५० लाखांहून अधिक बाळांचे नमुने नष्ट करावे लागले. जन्माच्या वेळी एक प्रश्न विचारला असता, तर त्यातले किती तरी नमुने राहिले असते.

तिसरं उदाहरण आपल्या देशातलं. ते नमुन्यांचं नाही, लशीचं आहे, पण मुलांच्या संमतीबद्दल ते खूप शिकवतं. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. खम्ममला वसतिगृहात राहणाऱ्या अनेक आदिवासी मुलींच्या कागदांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या प्रमुखांनी सह्या केल्या होत्या. गदारोळ झाला, २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. स्पष्ट सांगतो, ही लस सुरक्षित आणि उपयोगी आहे. त्या काळात काही मुलींचे मृत्यू झाले, पण त्यांचा लशीशी संबंध चौकशीत आढळला नाही. तरीही न घेतलेल्या संमतीमुळे चांगल्या लशीबद्दलचा संशय देशात पुढे कित्येक वर्षं रेंगाळला. मेळघाटातली कितीतरी मुलं आश्रमशाळांत राहतात, त्यांचे आईबाप दूर पाड्यावर असतात. मुख्याध्यापकांची सही म्हणजे आईबापांची सही नव्हे, हे आपल्या भागाने विशेष लक्षात ठेवायला हवं.

आता नियम काय सांगतात

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, माणसांवरच्या संशोधनाबद्दलचं पहिलं धोरण १९८० मध्ये मांडलं. मग २००० आणि २००६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं आली आणि २०१७ मध्ये ती नव्याने विस्ताराने लिहिली गेली. मुलांवरच्या संशोधनासाठी त्याच वर्षी वेगळी तत्त्वंही आली. त्यातलं आपल्या कामाचं असं:

• नमुना घेण्याआधी आईबापांना त्यांना समजणाऱ्या भाषेत माहिती द्यायची आणि लेखी संमती घ्यायची. वाचता येत नसेल तर संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा.

• मूल सात वर्षांचं झालं की त्यालाही विचारायचं. ७ ते ११ वयात तोंडी होकार, १२ ते १८ मध्ये लेखी. आईबाप हो म्हणाले, म्हणून मुलाला विचारायची गरज संपत नाही.

• जोखीम अगदी कमी असेल तर एका पालकाची सही पुरते. जोखीम त्याहून जास्त आणि मुलाला थेट फायदा नसेल तर दोघांची लागते.

• साठवलेल्या नमुन्यावर हक्क देणाऱ्याचा असतो, संस्था त्याची राखणदार असते. आईबाप नंतर माघार घेऊ शकतात.

• मूल १८ वर्षांचं झालं की पुढच्या वापरासाठी त्याला स्वतःला विचारायचं.

• प्रत्येक संशोधनाला आधी नैतिकता समितीची, म्हणजे एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. तिचा संपर्क संमतीपत्रावर असतो.

सही करण्याआधी विचारा

असा कागद पुढे आला तर घाबरून नाही म्हणू नका आणि ‘डॉक्टर म्हणतात ना’ म्हणून डोळे झाकून हो म्हणू नका. एवढं विचारा.

१. हे उपचारासाठी आहे की संशोधनासाठी? नाही म्हटलं तर माझ्या मुलाच्या उपचारात काही फरक पडेल का? उत्तर ‘नाही’ असंच असायला हवं.

२. वेगळी सुई टोचणार की तपासणीतलं उरलेलं रक्त वापरणार? किती मिली घेणार?

३. कोणत्या आजाराचा अभ्यास आहे? नमुना किती वर्षं ठेवणार? पुढे दुसऱ्याच अभ्यासाला वापरायचा असेल तर पुन्हा विचारणार का? परदेशी किंवा एखाद्या कंपनीकडे जाणार का?

४. मुलाचं नाव, गाव, जात नमुन्यासोबत राहील का? निकाल गावात, शाळेत कुणाला कळेल का?

५. माझ्या मुलाला त्रास होऊ शकेल असं काही सापडलं तर मला सांगणार का? कोण सांगणार?

६. मत बदललं तर कुणाला फोन करायचा?

संमतीपत्राची एक प्रत मागून घ्या. ती मिळणं हा तुमचा हक्क आहे. घरी नेऊन वाचा, शिकलेल्या पुतण्याला किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. चांगला संशोधक याचा राग मानत नाही. आणि मूल थोडं मोठं असेल तर त्यालाही सांगा. सात-आठ वर्षांचं पोर विचारतं, “दुखेल का?” त्याला खरं सांगायचं: “हो, थोडं दुखेल.” खोटं सांगून टोचलेलं मूल पुढे खऱ्या आजारातही दवाखान्याला घाबरतं.

नाही म्हणण्यात कमीपणा नाही. मूल आजारी आहे, तुम्ही दमलेले आहात, मन तयार नाही, एवढं कारण पुरेसं आहे. पण सगळी उत्तरं नीट मिळाली, जोखीम किरकोळ आहे आणि मन मानत असेल, तर जरूर द्या. तुमच्या पोराला पोलिओची लस मिळाली, सिकलसेलच्या मुलाला हायड्रॉक्सीयुरियाची गोळी मिळाली, ती कुणाच्या तरी मुलांचे नमुने तपासूनच मिळाली. त्या मुलांची आणि त्यांच्या आईबापांची नावं कुठल्याही पुस्तकात नाहीत.

आम्हा डॉक्टरांसाठीही यात एक काम आहे. नमुना मागताना जेवढा वेळ काढतो, तेवढाच वेळ निकाल परत सांगायला काढायला हवा. ज्या आईला तिच्या लेकराच्या थेंबातून काय निघालं हे कळतं, तिला पुढच्या वेळी विचारताना फार समजावावं लागत नाही.